टोलवाटोलवीचं नवं नाव

९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आधीच सांगते, चुका असतील. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, आणि नववीत शाळा सोडल्यावर जमवायची गरजही उरली नाही. मेल टाईप करणं पण हळू होतं. एका बोटाने करते, दुसरं बोट नुसतं सोबतीला असतं. हसायचं तर हस. फोन केला असता, पण फोनवर मी अडखळते आणि झटका आल्यापासून तुझंही बोलणं जड झालंय. म्हणजे दोघं नुसते एकमेकांचा श्वास ऐकत बसू. त्यापेक्षा हे बरं.

तर, चष्म्याने मला ठेवून घेतलं. तुझा पार्टनर आता कंपनीचा एकटा मालक आहे ना, त्याला ऑफिसात सगळे पाठीमागे चष्मा म्हणतात. एक चष्मा डोळ्यावर, एक कपाळावर, आणि तिसरा दिवसभर शोधत असतो. कोणती तरी मोठी कंपनी ही कंपनी विकत घेणार आहे. त्यांच्या माणसांनी पेशंटच्या उशाशी असते त्या बेलचा सगळा कोड उघडून बघितला आणि डोक्याला हात लावला. चष्मा मला म्हणाला, "तुझ्या मामाने एकेका फंक्शनला काय नावं ठेवलीत! सासू काय, जावई काय. शिकलेली पोरं दोन महिन्यांत पळून जातात. तुला त्याने घरी बसवून शिकवलंय, त्याचं डोकं कसं चालतं ते तुला माहीत. तू बस आणि सगळ्यांना शहाणी नावं दे."

आईला विचारू नकोस. मी तिला सांगितलं की फंक्शन म्हणजे डबा समज, आत एक काम ठेवलेलं, बाहेर नाव लिहिलेलं. तर म्हणाली, "म्हणजे डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचा पगार देतात? मग माझ्या स्वयंपाकघरात ये की."

मला जागा मिळालीय पाण्याच्या मशीनशेजारी, भिंतीकडे तोंड करून. मला आवडली. कोणाचं तोंड दिसत नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांना उभं राहून नाव सांगायचं होतं. माझी पाळी आली आणि मी फक्त "हो" म्हणाले. तेव्हापासून टेस्टिंगवाली ताई मला हो म्हणूनच हाक मारते. "ए हो, तुझं झालं की मशीनला नवी बाटली लाव." वाईट नाहीये ती.

आता विचारते. सासू काय करते? जावई काय करतो? उद्या बघू म्हणजे नेमकं कधी बघायचं? आणि टोलवाटोलवी. हिला कोणीच हाक मारत नाही, म्हणजे कोणी वापरतच नाही. सगळ्या कोडमध्ये शोधलं, नुसती पडून आहे. काढून टाकू की नाव बदलू?

हात कसा आहे?

तुझी,
मुंगी


१४ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

उजवा हात आहे तिथेच आहे, उशीवर. झोपलेल्या मांजरासारखा. हे सगळं डाव्याने लिहितोय, म्हणजे तुझ्यापेक्षा माझा स्पीड कमी. हसायचं तर तूही हस.

चष्म्याला सांग, ती नावं ठेवली तेव्हा तोही शेजारी बसून खिदळत होता. दोघंच होतो तेव्हा. हे कोणी तिसरा वाचेल असं वाटलंच नव्हतं.

सासू सगळ्यांचं काम परत तपासते आणि खोट काढते. तिला "पुन्हा तपास" म्हण. जावई स्वतः काहीच करत नाही, पण त्याला विचारल्याशिवाय कोणाचं पान हलत नाही. तो परवानगी देतो, तसंच नाव दे. उद्या बघू हे लगेच होतं, उद्या वगैरे काही नाही. ते चष्म्यावर चिडून ठेवलेलं नाव आहे, त्याला तेव्हा काहीही विचारलं की हेच म्हणायचा.

टोलवाटोलवी काढू नकोस. कामाची आहे. या मजल्यावरच्या सिस्टरच्या टेबलाने बेल उचलली नाही की ती बेल पुढच्या टेबलाला देते, त्यांनी नाही उचलली तर खाली. कोणी तरी उचलेपर्यंत टोलवत राहते. तिला हाक कोण मारतं ते आता आठवत नाही, डोक्यातले काही दिवे गेलेत. पण मारतं कोणीतरी. नाव बदल आणि राहू दे.

माझ्या उशाशी लाल बटण आहे ना, ती आपलीच बेल आहे बरं का. मला आजाऱ्या-म्हाताऱ्यांच्या या होममध्ये आणलं त्या दिवशी सिस्टर समजावून सांगत होती, "काका, हे दाबलं की आम्ही येतो." मी म्हटलं, बाई, हे मीच लिहिलंय. तिला काही कळलं नाही. म्हणाली, "हो हो, झोपा आता."

खोलीत आम्ही दोघं. शेजारच्या पलंगावर ड्रायव्हर आहे. जन्मभर बस चालवली, आता पाय गेले. पलंगाचा वरचा भाग उचलला की म्हणतो, "चला, पुढे सरका, मागे जागा आहे." माझं बोलणं त्याला कळतं, इथे बाकी कोणाला धड कळत नाही. कोणी माझ्याशी बोलायला आलं की तोच सांगतो, हा काय म्हणतोय ते. त्याने तुझं पत्र वाचायला मागितलं. "हो" वाल्या गोष्टीला इतका हसला की खोकला लागला आणि मला बेल दाबायला लागली. सिस्टर आली. बघ, चालते.

मामा


३ मार्च

प्रिय मामा,

झालं! सगळी नावं झाली. परवाच्या अपडेटमध्ये सगळ्या होमना गेलीसुद्धा. म्हणजे तुझ्या उशाशी आता माझी नावं आहेत.

टोलवाटोलवीला "पुढच्या टेबलाला कळव" केलं. सासूला तू सांगितलं तेच दिलं. गप्प बस नावाचं एक होतं, ते तू सांगितलं नव्हतंस, मीच वाचून काढलं. कुठे काही चुकलं, काही सापडलं नाही, तर ते आरडाओरडा न करता पुढे जातं. त्याला "चूक सोडून पुढे जा" म्हटलं. ताई म्हणाली, "हे नाव माझ्या नवऱ्याला पण चालेल." मी हसले. ऑफिसात पहिल्यांदा आवाज काढून हसले बहुतेक, कारण दोघांनी वळून बघितलं.

ताईने सगळं चालवून बघितलं. आमच्याकडे टेस्टला एक बेल आणि एक टेबल मांडून ठेवलंय. बटण दाबलं, टेबलावर दिवा लागला. सगळं हिरवं. ताईने पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.

विकत घेणारे लोक आले होते. तिघं जण, तिघांचे बूट सारखे. चष्म्याने त्यांना माझी नावं दाखवली आणि म्हणाला, "आता लहान मूल वाचेल." मी मागे बाटली बदलत होते. त्याने हात केला माझ्याकडे, पण ही कोण ते सांगितलं नाही. चालेल. मला खरंच चालेल. मला वाटलं होतं शाळा सोडली म्हणजे माझं काहीच कधी कुठे लागणार नाही.

ड्रायव्हरकाकांना सांग, आता हो चांगलं बोलायला लागलीय. ताईशी तरी.

तू पत्र का नाही लिहिलंस मध्ये?

मुंगी


११ मार्च

मुंगी,

ड्रायव्हर गेला. काल दुपारी. वय होतं.

त्या टोलवाटोलवीचं तू नक्की काय केलंस? सहज विचारतोय. काय बदललं, कुठे बदललं, सगळं लिही.

मामा


१२ मार्च

प्रिय मामा,

वाचून खूप वाईट वाटलं. मी त्यांना बघितलं पण नव्हतं आणि तरी आईला सांगताना रडले. तू एकटा पडला असशील. दुसऱ्या पलंगावर कोणी आलं का? आई म्हणते रविवारी येते, पण तिला सुट्टी मिळाली तर.

तुला डोक्याला काहीतरी काम हवंय ना, म्हणून विचारतोयस. बरं केलंस. आई म्हणते दुःखात माणसाने हात चालू ठेवावा. तर सांगते. फंक्शनचं नाव बदललं, आतलं काहीच नाही. सगळ्या कोडमध्ये जुनं नाव शोधलं, एकाच ठिकाणी होतं, ते स्वतःच. तिथे बदललं. बाहेरून हाक मारणारं कोणी नव्हतंच, म्हणून दुसरीकडे काही करावं लागलं नाही. सगळ्यात सोपं तेच होतं.

अजून काही विचारायचं असेल तर विचार. मला आवडतं तू विचारलेलं.

मुंगी


१३ मार्च

मुंगी,

हे नीट वाच आणि रडू नकोस. वाचून झालं की मग रड.

ड्रायव्हर वयाने गेला नाही. दुपारचं जेवण चालू होतं. घास अडकला. त्याने बटण दाबलं, मीही माझं दाबलं. आमच्या मजल्याची सिस्टर आत एकीला अंघोळ घालत होती, दार बंद, नळ चालू. टेबलावर कोणी नव्हतं. असं रोजच होतं, म्हणून तर ती बेल पुढे जायला हवी. खालच्या टेबलाला तीन माणसं बसलेली असतात. तिथे ती वाजलीच नाही. मी ओरडत होतो. माझं ओरडणं तुला माहीत आहे, आता ते म्हशीच्या रेकण्यासारखं येतं, इथे सगळेच असं काहीतरी ओरडत असतात. तो माझ्याकडे बघत होता. मी बटण सोडलं नाही. सिस्टर हात पुसत आली तेव्हा संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तीच वेळ बघून परत दाबलं. आमच्या टेबलावर दिवा लागला आणि नुसता लागून राहिला. खाली काही नाही. तेव्हा तुला ते पत्र लिहिलं.

आता आठवलंय. पहिल्या होमची मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांची मुख्य, खमकी बाई होती. आज म्हणायची बेल आधी खाली जाऊ दे, उद्या म्हणायची वर. रोज मला बोलवायची. शेवटी कंटाळून मी तिच्या कॉम्प्युटरवरच सेटिंगचं एक पान करून दिलं. बेल कोणी उचलली नाही तर कोणाला हाक मारायची, ते तिने तिथे लिहायचं. आणि त्या पानावर मी माझ्या हाताने लिहिलं, टोलवाटोलवी. तेच पान मग प्रत्येक होममध्ये गेलं. ते होमच्या मशीनवर असतं, ऑफिसात नाही. तू शंभर वेळा शोधलं असतंस तरी सापडलं नसतं. आता बेल त्या पानावर बघते, टोलवाटोलवीला हाक मारते, आणि त्या नावाचं घरात कोणी उरलेलं नाही.

मग बोंब का झाली नाही? मेट्रन टायपिंगमध्ये चुका करायची आणि एका चुकीने सगळीच बेल बंद पडायची. म्हणून मी गप्प बस लिहिलं. नाव सापडलं नाही तर गप्प बसायचं.

हे सगळं माझं आहे, तुझं नाही. मी सांगितलं नाव बदल, तू बदललंस.

इथल्या मॅनेजरला सांगायचा प्रयत्न केला. तो वाकून कान लावून ऐकतो, मग बटण दाबून दाखवतो. "हे बघा काका, दिवा लागतोय. बेल मस्त चालतेय." माझं बोलणं कळणारा एकच होता.

आज, आत्ता, चष्म्याकडे जा. सगळ्या होममध्ये हेच आहे.

मामा


१५ मार्च

मामा,

मी गेले. रडले नाही, म्हणजे तिथे नाही.

चष्म्याच्या खोलीत गेले आणि तोंडातून काही येईना. मग तुझं पत्रच पुढे केलं. त्याने वाचलं. कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता फोन उचलेल.

म्हणाला, "म्हातारा माणूस, घास अडकला. होतं असं."

मी म्हटलं, "बेल खाली गेली नाही."

"तुझ्या मामाच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली होती बाळा. त्याला काय आठवतं आणि काय नाही, कोणी सांगावं?"

मी म्हटलं, करून बघू. ऑफिसात दुसरं टेबल मांडलं, ते पान पण बनवलं, ताई बरोबर होती. दाबलं. दिवा लागला आणि नुसता लागून राहिला, तू लिहिलंस तसाच. ताई खुर्चीत बसली. चष्मा दारात उभा होता, त्याने पण बघितलं.

दुरुस्ती सोपी आहे मामा. जुन्या नावाचा एक रिकामा डबा परत ठेवायचा, आत एवढंच लिहायचं की नव्या नावाकडे जा. मी तिथल्या तिथे लिहिलं. ताईने तपासलं, बरोबर आहे म्हणाली. पण अपडेट पाठवायचं आता चष्म्याशिवाय कोणालाच जमत नाही, विक्रीची सही होईपर्यंत कोडला कुलूप आहे. आणि चष्मा म्हणतो, सहीच्या आधी काही पाठवलं तर ते लोक विचारतील हे काय, कशासाठी. "पुढच्या महिन्यात नेहमीच्या अपडेटमध्ये घालू. गाजावाजा नको. आणि यातलं काही कागदावर नको."

मी विचारलं, "तोपर्यंत कोणी दाबलं तर?"

"तोपर्यंत सिस्टर लोकांनी टेबलावर बसावं. तेच त्यांचं काम आहे."

ताईला म्हटलं, तू बोल ना त्याला. ताई म्हणाली, "ए हो, माझ्या घरी मी एकटी कमावते." मग तिने मला पाणी दिलं. मशीनवरून, स्वतः उठून.

मामा, तू म्हणतोस तुझं आहे. पण नाव मी बदललं. बोट माझं होतं, एकच चालतं ते.

एक सुचलंय. ते पान होमच्या मशीनवर आहे ना? मग तुमच्या होममध्ये कोणीतरी त्या पानावर जुनं नाव खोडून नवं लिहिलं तर? खाली दिलंय, जसंच्या तसं लिहायला सांग. लवकर सांग. तुझ्या हातात बटण आहे आणि ते चालत नाही, हे मला सहन होत नाही.

मुंगी


१७ मार्च

मुंगी,

बरोबर सुचलं तुला. इथे हिशोबाला एक मुलगी येते. मी तिला बोलून नाही, पाटीवर लिहून दाखवलं. मॅनेजर जेवायला गेला होता, तिने पान उघडलं आणि बदललं. दाबून बघितलं. खाली वाजली. तीन माणसं धावत वर आली आणि मला शिव्या घालून गेली. इतकं बरं वाटलं, आणि मग अजिबात वाटेना.

संध्याकाळी ड्रायव्हरची मुलगी आली होती, सामान न्यायला. सामान म्हणजे काय, दोन शर्ट, रेडिओ, दाढीचा डबा. मला म्हणाली, "काका, तुम्ही सोबतीला होतात म्हणून मला काळजी नव्हती." मी पाटी घेतली आणि सगळं लिहिलं. एक पाटी भरली की ती पुसून मला परत द्यायची, मी पुढचं लिहायचो. तीच पुसत होती, मुंगी. पूर्ण होईपर्यंत वाचत राहिली. मग विचारलं, "तुम्ही बटण किती वेळ दाबून धरलं होतं?" मी लिहिलं, सोडलंच नाही.

सामान घेऊन ती दारापर्यंत गेली. मग परत आली, त्याच्या रिकाम्या पलंगाचं बटण उचललं आणि दाबलं. तशीच उभी राहिली. आमची सिस्टर आत होती. थोड्या वेळाने खालचा माणूस धापा टाकत आला. "काय झालं? कोणाला काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. बघत होते." बटण नीट उशीवर ठेवलं आणि गेली. माझ्याकडे बघितलं नाही.

आता मी तुला अवघड काम सांगणार आहे. माझ्याने होण्यासारखं असतं तर तुला सांगितलं नसतं. बाकीच्या होमना फोन करायला लागतील. कंपनीच्या जाहिरातीत सगळ्यांची नावं आहेत, चष्म्याला मिरवायची हौस आहे. पत्र पाठवून उपयोग नाही, असली पत्रं कोणी वाचत नाही. मला फोनवर कोणी वेडा म्हणून ठेवून देईल. तू अडखळतेस, पण शब्द तरी शब्दासारखे येतात.

त्यांना काही समजावू नकोस. फंक्शन, नाव, मी, तू, काही नाही. एवढंच सांग: एक बटण दाबा, टेबलावर कोणालाही उचलू देऊ नका, आणि बघा खाली वाजतं का. बाकी ते स्वतःच विचारतील.

मामा


२४ मार्च

प्रिय मामा,

उशीर झाला लिहायला. फोन करत होते.

पहिल्या दिवशी जिन्यात बसले, आईचा मोबाईल घेऊन, तू सांगितलेलं वाक्य कागदावर लिहून. पहिला फोन लागला आणि "ब ब ब" एवढंच आलं. पलीकडची बाई म्हणाली, "कोण आहे रे कार्टं? परत करशील तर पोलिसांत देईन." ठेवून दिला. मी खाली जाऊन तोंड धुवून आले. दुसरा. "आम्हाला काही विकत घ्यायचं नाही." तिसऱ्याला मी सगळं वाक्य एका दमात म्हटलं, श्वास न घेता, तर तो म्हणाला, "मुली, तू पळत पळत बोलतेस का?" पण त्याने दाबून बघितलं. मी फोनवरच होते. मला त्याची पावलं ऐकू आली, मग बराच वेळ काही नाही. मग परत आला आणि अगदी हळू म्हणाला, "अगं, हे कधीपासून आहे?"

मग जमत गेलं. अडखळत होते, पण अडखळू दिलं. काही जण ओरडले, काहींनी माझ्याकडून नवीन नाव लिहून घेतलं, एकेक अक्षर. एकाने विचारलं, "तुझं शिक्षण किती?" मी सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या साहेबाला फोन दे." मी म्हटलं साहेब नाहीत, तुम्ही आधी बटण दाबा.

एक फोन सांगायचा नव्हता तुला. पण सांगते. एका होममध्ये स्वयंपाकाच्या मावशींनी फोन घेतला, बाकी कोणी नव्हतं. त्यांना वाक्य सांगितलं. मग म्हणाल्या, "आमच्या कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी गेल्या ना मागच्या आठवड्यात. बटण हातातच होतं त्यांच्या. आम्ही म्हटलं, दाबायला पण वेळ मिळाला नसेल बिचारीला." मी काही बोलू शकले नाही. त्या म्हणाल्या, "हॅलो? आहेस का?" मी म्हटलं, "दाबलं असेल त्यांनी." त्या म्हणाल्या, "असं म्हणू नकोस गं." आणि रडायला लागल्या. मी पण. कितीतरी वेळ दोघी नुसत्या रडत होतो, आणि आईचा बॅलन्स संपला.

मला वाटलं तसंच झालं, एका होमने चष्म्याला फोन केला. त्याने मला बोलावलं. दार लावलं नाही, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "मी तुला काम दिलं, तुझ्या मामावर दया केली, आणि तू माझ्या मुळावर उठलीस?" मी उभी होते. मग तो म्हणाला, आता सगळ्यांना कळवणार आहे की चूक जुन्या पार्टनरच्या जुन्या कोडमध्ये होती, कंपनीचा काही संबंध नाही. तुझं नाव घालून. हे लिहायला मला फार जड जातंय. तू म्हणशील, बरोबरच आहे, घालू दे. म्हणू नकोस. माझं पण घाल, असं मी त्याला म्हणाले. तो म्हणाला, "तू कोण?"

ताई खालपर्यंत आली माझ्याबरोबर. बाहेर पडताना माझ्या हातात एक चिठ्ठी कोंबली, जाहिरातीत नसलेल्या होमचे नंबर होते त्यावर. जुने, लहान, गावाबाहेरचे. मला माहीतच नव्हतं ते आहेत. म्हणजे माझे फोन संपले नव्हते.

त्यातले सगळे झाले, एक सोडून. तिकडे कोणी उचलत नाही. सकाळी केला, दुपारी केला, जेवणाच्या वेळी केला. रिंग जाते, जातच राहते. नंबर चालू आहे, म्हणजे तिथे टेबलावर फोन आहे आणि तो वाजतोय, आणि आत माणसं आहेत. आत्ता लिहितानाही दुसऱ्या कानाला लावून ठेवलाय. वाजून वाजून आपोआप कट होतो, मी परत लावते.

उद्या पहिल्या बसने तिकडे जाते. आईने पत्ता काढून दिलाय. दारात जाऊन काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. आत शिरून एखादं बटणच दाबीन.

तू तुझं बटण जवळ ठेव.

अरे, आणि आपला घरमालक लग्न करतोय, बासष्टाव्या वर्षी. आत्ताच पेढे देऊन गेला आणि आईला म्हणाला, नवरीला आपल्याच खोल्या आवडल्यात, म्हणजे आता आम्हाला दुसरं घर बघायला लागणार.

मुंगी